बटण कुठे गेले? आयओएस ७ च्या फेररचनेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जून २००७ मध्ये पहिला आयफोन विक्रीला आला तेव्हा नुसत्या काचेवर बोट टेकवून काम करायचे, ही गोष्ट बहुतेकांना नवी होती. बोटांना सवय होती दाबल्यावर खाली जाणाऱ्या खऱ्या बटणांची. काचेवर नेमके कुठे दाबायचे ते कळावे म्हणून ॲपलने स्क्रीनवरच्या गोष्टींना ओळखीच्या वस्तूंची रूपे दिली. बटण फुगीर दिसायचे, त्यावर उजेड पडल्यासारखी चकाकी असायची, कडेला बारीक सावली असायची. पुढच्या पाच वर्षांत ही पद्धत वाढत फार लांब गेली. नोट्सचे ॲप पिवळ्या, रेघा मारलेल्या कागदाचे झाले. आयबुक्समध्ये पुस्तके लाकडी फळ्यांवर मांडलेली दिसू लागली. गेम सेंटरला पत्त्यांच्या टेबलावर असते तशी हिरवी बनात आली, मित्र कुठे आहेत ते दाखवणाऱ्या ॲपला शिवण घातलेले चामडे मिळाले, आणि तिकिटे व पास ठेवणाऱ्या पासबुक या ॲपमधला एखादा पास काढून टाकला की तो कागद फाडणाऱ्या यंत्रातून पट्ट्या होऊन जायचा. वस्तूची नक्कल करणाऱ्या या शैलीला स्क्यूओमॉर्फिझम म्हणतात.

२०१२ पर्यंत ही शैली थकलेली दिसत होती. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये आणलेल्या विंडोज फोन ७ मध्ये सपाट रंगीत चौकोन आणि मोठी अक्षरे यांच्यावरच सगळा भर होता. गूगलने २०११ मध्ये अँड्रॉइड ४.० सोबत रोबोटो हा नवा फॉन्ट आणि आटोपशीर, गडद रूप आणले. या दोघांच्या शेजारी आयफोनची स्क्रीन दाटीवाटीची आणि जुनी वाटे.

त्यातच कंपनीच्या आत उलथापालथ झाली. सप्टेंबर २०१२ मध्ये आयओएसच्या, म्हणजे आयफोन चालवणाऱ्या प्रणालीच्या, सहाव्या आवृत्तीसोबत ॲपलने स्वतःचे नकाशे आणले, त्यांत ढोबळ चुका निघाल्या आणि २८ सप्टेंबरला कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी जाहीर पत्र लिहून माफी मागितली. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी कंपनीने कळवले की आयओएसचे प्रमुख स्कॉट फोर्स्टॉल पायउतार होत आहेत. आयओएसची बांधणी क्रेग फेडेरिघी यांच्याकडे आली. तोवर मुख्यतः यंत्रांची घडण सांभाळणारे जॉनी आइव्ह यांच्याकडे स्क्रीनवरच्या रूपाची धुरा गेली. त्या दिवसापासून जून २०१३ मधल्या डेव्हलपरांच्या, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांच्या, परिषदेपर्यंत साडेसात महिनेसुद्धा उरले नव्हते. पुढे जे जे बिघडले, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचे मूळ मला या आकड्यात दिसते.

प्रश्न नेमका काय होता

जुन्या रूपात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. एक शोभा आणि दुसरी खूण. चामडे, लाकूड, बनात ही शोभा. ती काढली तर कोणाचेही काम अडत नाही. बटणाचा फुगवटा, त्याची कड, दाबल्यावर गडद होणारा पृष्ठभाग या मात्र खुणा होत्या. इथे दाबता येते, हे घटक एका गटातले आहेत, ही गोष्ट आत्ता बंद आहे, असे त्या सांगत. दोन्ही एकाच रंगरेषेत, एकाच चकाकीत रंगवलेल्या असल्यामुळे त्या एकच वाटत.

पुढचा सगळा वाद याच गोंधळात अडकून राहिला. जुन्याचे चाहते चामड्यासाठी हळहळले, नव्याचे चाहते चामडे गेले म्हणून आनंदले. पण लाकडी फळी काढताना बटणाची कडही काढायची का, हा प्रश्न २०१३ च्या उन्हाळ्यात फार थोड्यांनी विचारला. ज्यांनी विचारला त्यांचे म्हणणे आयकॉनच्या रंगांवरच्या भांडणात बुडून गेले.

बदलाची गरज खरी होती, हेही मान्य केले पाहिजे. जुन्या ॲपांतले पोत आणि चित्रे ठराविक मापाच्या स्क्रीनसाठी पिक्सेल मोजून रंगवलेली असत. स्क्रीनची मापे वाढली की ती चित्रे पुन्हा पुन्हा काढावी लागणार होती. सपाट रंग, मोकळी जागा आणि अक्षरे यांची मांडणी कोणत्याही मापात ताणता येते. सप्टेंबर २०१४ मध्ये ४.७ आणि ५.५ इंचांचे आयफोन आले तेव्हा या निर्णयाचे मोल कळले. म्हणून ही फेररचना केवळ फॅशनसाठी केली असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

समोरचे पर्याय

अशा वेळी कोणत्याही चमूपुढे चार वाटा असतात.

पहिली वाट हळूहळू साफसफाई करण्याची. एकेका ॲपमधली शोभा काढायची, खुणा तशाच ठेवायच्या, आणि दोन-तीन वर्षांत घर नवे करायचे. ॲपलने हे करून पाहिलेही होते. पॉडकास्ट ॲपमध्ये जुन्या टेपरेकॉर्डरची फिरणारी चक्रे होती, ती मार्च २०१३ च्या अपडेटमध्ये निघून गेली. कोणी फारशी तक्रार केली नाही. तोटा एवढाच, की मधल्या काळात अर्धी ॲपे एका रूपाची आणि अर्धी दुसऱ्या रूपाची दिसतात, आणि परिषदेच्या मंचावर दाखवायला हातात काही राहत नाही.

दुसरी वाट सगळे एकदम, त्याच वर्षी बदलण्याची. तिसरी, सगळे एकदम पण एक वर्ष उशिरा. तिसरीत सप्टेंबरचा नवा फोन जुन्याच रूपात विकावा लागला असता. नकाशांच्या नामुष्कीनंतर आणि सॅमसंगशी चुरस टिपेला असताना ते कंपनीला परवडणारे वाटले नसावे.

चौथी वाट वापरणाऱ्याला निवड देण्याची, म्हणजे जुने रूप ठेवा किंवा नवे घ्या. ऐकायला ही सर्वांत उदार वाटते. पण दोन रूपे म्हणजे प्रत्येक स्क्रीनची दोनदा तपासणी, बाहेरच्या प्रत्येक ॲपवाल्याला दुप्पट काम, आणि मदतीला फोन करणाऱ्याला ‘तुमच्या स्क्रीनवर आत्ता काय दिसतेय’ हे आधी विचारणे. लाखो ॲपांच्या व्यवस्थेत ही वाट न घेण्यामागे खरी कारणे होती.

ॲपलने दुसरी वाट घेतली.

काय केले

१० जून २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉस्कोनी सेंटरमध्ये आयओएस ७ जाहीर झाले. हेल्वेटिका नोइए या फॉन्टचे अगदी बारीक वजन, म्हणजे अक्षरांची कमी जाडी, सगळीकडे आले. आयकॉन सपाट झाले, रंग भडक झाले. खालून वर ओढली की येणारी कंट्रोल सेंटरची पट्टी धुरकट काचेची होती आणि मागचा रंग तिच्यातून झिरपत होता. फोन हलवला की वॉलपेपर आणि आयकॉन वेगवेगळ्या वेगाने सरकत, त्यामुळे स्क्रीनला खोली असल्याचा भास होई. ॲप उघडले की स्क्रीन त्या आयकॉनमध्ये शिरल्यासारखी झेपावत असे. फेडेरिघी यांनी मंचावरून थट्टा केली की हिरवी बनात आता संपली आहे. आइव्ह यांनी व्हिडिओत मांडलेला विचार गंभीर होता : साधेपणा म्हणजे नुसती अडगळ काढणे नव्हे, गुंतागुंतीला शिस्त लावणे.

डेव्हलपरांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत तीन तत्त्वे आली. आशयापुढे रूपाने मागे सरावे, सगळे स्पष्ट असावे, आणि खोलीतून रचना कळावी. पहिल्या तत्त्वाची अंमलबजावणी फार जोरात झाली. दुसऱ्याची तितकी झाली नाही. वरच्या पट्टीतली बटणे म्हणजे आता नुसते निळे शब्द होते. कड नाही, पार्श्वभूमी नाही. तो निळा पांढऱ्यावर मोजला तर दोन्हींच्या उजळपणातल्या फरकाचे प्रमाण ४:१ च्या आसपास येते. वाचनसुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी २००८ पासून किमान ४.५:१ सांगितलेले आहे. फरक थोडा दिसतो, पण अक्षरे बारीक असली, ऊन असले आणि वाचणाऱ्याचे वय पन्नाशीपुढे असले की वाचणे अवघड व्हायला एवढी कमतरताही पुरते. मेसेजेसमध्ये आधी हिरव्या फुग्यावर काळी अक्षरे असत. आता झगझगीत पोपटी फुग्यावर पांढरी अक्षरे आली, आणि तीही बारीक.

बीटाचा उन्हाळा

जून ते सप्टेंबर या काळात डेव्हलपरांना चाचणीच्या आवृत्त्या, म्हणजे बीटा, मिळत होत्या. या टप्प्यातले दोन बदल मला महत्त्वाचे वाटतात, कारण ऐकले तर दुरुस्ती होते हे त्यांतून दिसते.

८ जुलैच्या तिसऱ्या बीटात अनेक ठिकाणी अक्षरांचे वजन वाढवले गेले. बारीक अक्षरांबद्दलचा ओरडा पोहोचला होता. दुसरा बदल लॉक स्क्रीनवरचा. पहिल्या बीटात ‘सरकवून उघडा’ या अर्थाच्या ओळीखाली वर जाणारा बाण होता. तो बाण कंट्रोल सेंटरसाठी होता, पण ओळ आणि बाण एकत्र वाचणारा माणूस साहजिकच वर सरकवायचा आणि फोन उघडायचा नाही. चौथ्या बीटात त्या ओळीशेजारी उजवीकडे दाखवणारा बाण आला. ही चूक एका वाक्यात सांगता येणारी होती, म्हणून पटकन सुटली.

जे एका वाक्यात सांगता येत नव्हते ते राहून गेले. त्यामागे मला एक ठोस कारण दिसते. २०१३ मध्ये या चाचणीच्या आवृत्त्या फक्त नोंदणी केलेल्या डेव्हलपरांसाठी होत्या. सर्वसाधारण लोकांसाठी आयओएसची बीटा मार्च २०१५ मध्ये, ८.३ या आवृत्तीपासून सुरू झाली. म्हणजे त्या उन्हाळ्यात अभिप्राय देणारे बहुतेक लोक दिवसभर स्क्रीनवर काम करणारे, जुने रूप पाठ असलेले आणि बटण कुठे असणार हे दिसण्याआधीच ओळखणारे होते. त्यांच्याजवळ बहुतेक करून नवे, रेटिना स्क्रीनचे फोन होते. २०१० च्या आयफोन ४ पासून या स्क्रीनवर इंचाला ३२६ पिक्सेल येत होते आणि केसासारखी रेघसुद्धा स्वच्छ उमटे. पण आयओएस ७ आयपॅड २ वरही जाणार होते, तिथे इंचाला १३२ पिक्सेल होते, आणि पहिल्या आयपॅड मिनीवर १६३. तिथे ती बारीक अक्षरे कडेने फाटलेली दिसत.

जाहीर चर्चेत मात्र गाजले ते आयकॉन. सफारीचा नवा होकायंत्राचा आयकॉन, गेम सेंटरचे रंगीत फुगे, आणि काही आयकॉनांत रंग वरून खाली गडद होतो तर काहींत उलटा, ही विसंगती. टीका रास्त होती. पण आयकॉन दिसायला कसाही असला तरी तो आयकॉन आहे हे कळत होते. ज्या जागी काही आहे हेच कळत नव्हते, त्या जागांची चर्चा झाली असती तर सप्टेंबर वेगळा गेला असता.

प्रकाशनानंतर

१८ सप्टेंबर २०१३ रोजी आयओएस ७ सर्वांना मिळाले. पाच दिवसांनी ॲपलने जाहीर केले की २० कोटींहून अधिक उपकरणांवर ते चालू झाले आहे. एवढ्या वेगाने इतक्या लोकांच्या हातातली वस्तू तोवर क्वचितच बदलली असेल. आणि मागे जाण्याची वाट लवकरच बंद झाली, कारण जुन्या आवृत्तीला ॲपलच्या सर्व्हरकडून मिळणारी मंजुरी थांबली.

मग ज्या तक्रारी आल्या त्या आवडीनिवडीच्या नव्हत्या. काही लोकांना ॲप उघड-बंद करताना गरगरू लागले, मळमळू लागले. याचे कारण शरीरशास्त्रात आहे. डोळे सांगतात की आपण पुढे झेपावलो, आतल्या कानातला तोलाचा अवयव सांगतो की आपण जागचे हललेलो नाही, आणि मेंदूला हा विसंवाद सोसत नाही. ज्यांना तोलाचा विकार आहे त्यांच्यासाठी हा त्रास रोजचा झाला. सेटिंग्जमध्ये हालचाल कमी करण्याचा पर्याय होता, पण पहिल्या आवृत्तीत तो फक्त वॉलपेपरचे सरकणे थांबवायचा. ॲप उघडतानाची झेप तशीच राहायची. २२ ऑक्टोबरच्या ७.०.३ या अपडेटमध्ये त्या झेपेऐवजी एक स्क्रीन विरून दुसरी उमटण्याची सोय झाली. मधले पाच आठवडे ज्यांना त्रास होत होता त्यांच्याकडे सोसण्यावाचून उपाय नव्हता.

ऑक्टोबरमध्येच वापरसुलभतेवर काम करणाऱ्या नीलसन नॉर्मन ग्रुपने सविस्तर परीक्षण केले. सपाट रूपात काय दाबता येते याची खूण हरवते, आणि स्क्रीनच्या कडांवरून सरकवण्याच्या क्रिया एकमेकींत गल्लत करतात, असे त्यात म्हटले होते. शिफ्टची कळ या खूण हरवण्याचे सर्वांत नेमके उदाहरण ठरली. कीबोर्डवर ती पांढरी असताना चालू की काळी असताना, हे भल्याभल्यांना सांगता येत नव्हते. कॅलेंडरमध्ये तर शोभेसोबत उपयोगही गेला. आधी महिना उघडला की खाली त्या दिवसाची कामे दिसत, नव्या रूपात ती यादीच नाहीशी झाली.

१० मार्च २०१४ रोजी ७.१ आले. त्यात काय काय होते ते पाहिले की आधीच्या सहा महिन्यांतल्या चुकांची यादीच हाती लागते. बटणांना आकार देण्याचा पर्याय, पारदर्शकता कमी करण्याचा पर्याय, रंग गडद करण्याचा पर्याय, कॅलेंडरमधली यादी परत, फोन आणि मेसेजेसच्या आयकॉनांचा हिरवा थोडा शांत. शिफ्टची कळही बदलली, पण गोंधळ मिटला नाही. तो मिटायला २०१५ चे आयओएस ९ यावे लागले, ज्यात कळांवरची अक्षरेच लहान-मोठी होऊ लागली.

परिणाम

व्यवहाराच्या मापाने फेररचना यशस्वी ठरली. लोक आयफोन सोडून गेले नाहीत. १ फेब्रुवारी २०१४ पासून ॲपस्टोअरमध्ये येणारे प्रत्येक नवे ॲप आयओएस ७ ला साजेसे असण्याची अट आली आणि वर्षभरात सगळ्या बाजाराचे रूप बदलले. डाव्या कडेवरून बोट ओढून मागे जाण्याची सोय याच आवृत्तीत आली, आणि मोठ्या फोनवर एका हाताने काम करणाऱ्यांसाठी ती वरदान ठरली. पासवर्डशिवाय चोरीचा फोन पुन्हा चालू न होण्याची सोयही यातलीच.

रूपाच्या बाबतीत मात्र पुढची चार वर्षे घेतलेले परत देण्यात गेली. २०१५ मध्ये हेल्वेटिका जाऊन सॅन फ्रान्सिस्को हा लहान मापातही वाचता येणारा फॉन्ट आला. २०१७ च्या आयओएस ११ मध्ये ठळक, मोठी शीर्षके आली. गूगलने तर जून २०१४ मध्येच मटेरियल डिझाइन जाहीर करताना सपाट रंगांसोबत सावली मुद्दाम ठेवली होती, म्हणजे कोणता तुकडा वर आहे आणि दाबता येतो ते कळावे. शोभा काढून खूण ठेवता येते, याचा हा जिवंत पुरावा होता, आणि तो आयओएस ७ नंतर वर्षभरातच समोर आला.

एक परिणाम मात्र सर्वांच्या उपयोगी पडला. हालचाल कमी करण्याची फोनवरची निवड वेबसाइटलाही कळावी, अशी सोय २०१७ मध्ये सफारीत आली आणि नंतर इतर ब्राउझरांनीही ती घेतली. आज वेबसाइट बनवणारा कोणीही गरगरणाऱ्या माणसासाठी दोन ओळी लिहू शकतो. २०१३ च्या शरद ऋतूत ज्यांनी चिकाटीने तक्रारी लिहिल्या, त्यांचे हे श्रेय आहे.

निर्णयाच्या जागा

मला तीन जागा दिसतात जिथे वाट वेगळी निघू शकली असती.

सर्वांत मोठी जागा ऑक्टोबर २०१२ मधली. माणसे बदलली, मुदत बदलली नाही. यंत्राची घडण करणारा चमू अक्षरांच्या आणि बटणांच्या कामात नव्याने आला, आणि त्याला परिषदेपूर्वी सगळे दाखवायचे होते. वर्षभराचा अवधी मिळणार नव्हता हे धरले, तरी काम दोन भागांत करता आले असते. पहिल्या वर्षी शोभा काढायची आणि खुणा नव्या, साध्या रूपात ठेवायच्या. दुसऱ्या वर्षी, लोकांचे हात सरावल्यावर, कोणती खूण आता अनावश्यक झाली ते मोजून काढायची. बटणाभोवतीची एक बारीक चौकट आइव्ह यांच्या साधेपणाला बाधली असती असे मला वाटत नाही.

दुसरी जागा ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे दिसण्या-वाचण्यासारख्या अडचणी असणाऱ्यांसाठीच्या सोयींच्या, पानाची. ठळक अक्षरांचा पर्याय पहिल्या दिवसापासून होता, ही चांगली गोष्ट. पण तो सेटिंग्जमध्ये तीन पायऱ्या आत होता आणि चालू केला की फोन बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. ज्याला वाचता येत नाही त्यानेच बारीक अक्षरांतून वाट काढत तिथवर जायचे, ही मांडणी उलटी आहे. अपडेट झाल्यावर फोन स्वागताचे पान दाखवतो, भाषा आणि वाय-फाय विचारतो. त्याच पानावर ‘ही ओळ नीट वाचता येते का’ एवढे विचारून अक्षरे ठळक करून देता आली असती. दुसरे असे, की ज्या सोयीची गरज इतक्या लोकांना पडते ती अपंगांसाठीची खास सोय राहत नाही. मूळ आखणीच चुकल्याचे ते लक्षण आहे, आणि दुरुस्ती मूळ आखणीत व्हायला हवी होती. बटणांचे आकार एका कळीमागे ठेवून ॲपलने ती टाळली.

तिसरी जागा चाचणी कोणाकडून करून घ्यायची, याची. बीटा गुप्त ठेवण्यामागची कारणे समजतात, पण जाहीर झाल्यानंतर गुप्त असे काही उरलेच नव्हते. जूनमध्ये साठीतल्या, चष्मा लावणाऱ्या, पहिल्यांदाच स्मार्टफोन घेतलेल्या शंभरएक लोकांपुढे आयपॅड २ ठेवला असता तर शिफ्टच्या कळीतली चूक त्या आठवड्यातच सापडली असती.

मराठी ॲपे बनवणाऱ्यांसाठी इथे एक जोड द्यावीशी वाटते. बारीक वजनाची ही टूम रोमन लिपीवर बेतलेली आहे. देवनागरीत अनुस्वार, रफार, उकार या छोट्या चिन्हांवर अर्थ टांगलेला असतो, आणि वजन उतरवले की आधी तीच पुसट होतात. बँकेच्या किंवा सरकारी योजनेच्या ॲपमध्ये परदेशी नमुना पाहून फिकट करडी, बारीक देवनागरी वापरलेली दिसते तेव्हा २०१३ ची तीच चूक, अधिक नुकसान करून, पुन्हा होत असते.

बारा वर्षांनंतर

९ जून २०२५ रोजी ॲपलने आयओएस २६ आणि त्याचे ‘लिक्विड ग्लास’ हे काचेसारखे रूप दाखवले. आयओएस ७ नंतरचा हा सर्वांत मोठा बदल, असे त्याचे वर्णन झाले. वाद ओळखीचा होता : काचेच्या पट्टीमागचा मजकूर पट्टीवरच्या मजकुरात मिसळतो आणि दोन्ही वाचता येत नाहीत. दुसऱ्या बीटात कंट्रोल सेंटरमागची पार्श्वभूमी गडद केली गेली. जुलैच्या सुरुवातीच्या तिसऱ्या बीटात काच बरीच धुरकट झाली आणि अक्षरे सुटी दिसू लागली. मग आरडाओरडा दुसऱ्या बाजूने झाला की सगळी जादूच गेली, आणि चौथ्या बीटात पारदर्शकता बरीचशी परत आली. म्हणजे या वेळी डेव्हलपरांची बीटा कोणालाही फुकट घेता येत होती, लोकांचे म्हणणे पोहोचतही होते, तरी रूप दोन गटांच्या आवाजाप्रमाणे इकडून तिकडे झुलत राहिले. कोणत्याही वॉलपेपरवर अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक अमुक प्रमाणाच्या खाली जाऊ द्यायचा नाही, अशी एक रेघ आधी आखली असती तर त्या झुलण्याला खालून अटकाव झाला असता, आणि वरची सगळी जागा चवीच्या भांडणाला मोकळी राहिली असती.

आयओएस २६ सर्वांना १५ सप्टेंबर २०२५ ला मिळाले. काच स्वच्छ ठेवायची की रंगछटा देऊन अपारदर्शक करायची, ही निवड ३ नोव्हेंबरच्या २६.१ मध्ये आली, आणि या वेळी ती ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर न ठेवता डिस्प्लेच्या पानावर ठेवली, हे २०१३ च्या तुलनेत खरेच पुढचे पाऊल आहे. फक्त तिची वेळ चुकली. वाचता येणाऱ्या रूपाचा नमुना जुलैमधल्या तिसऱ्या बीटात लोकांच्या हातात होता. तो रद्द करण्याऐवजी त्याच वेळी पर्याय म्हणून ठेवला असता, तर सप्टेंबरमध्ये फोन अपडेट करून चाचपडणाऱ्यांना सात आठवडे वाट पाहावी लागली नसती.